सेन्सरचा लाइट लागतोय, मग लाइन का थांबतेय? एका व्होकेशनल वर्गाचं प्रकरण

ही केस एका व्होकेशनल संस्थेतल्या मेकॅट्रॉनिक्सच्या (मशीन, इलेक्ट्रिकल आणि कंट्रोल एकत्र शिकवणारा ट्रेड) दुसऱ्या वर्षाच्या वर्गाची आहे. संस्थेचं नाव देत नाही, कंपनीचंही नाही, तशी गरजही नाही कारण जिथे जिथे ट्रेड शिकवला जातो तिथे थोड्याफार फरकाने हेच सापडेल. मी तिथल्या वर्कशॉपमध्ये शिकवणाऱ्यांपैकी एक, त्यामुळे ऐकीव काही नाही यात.

तर झालं असं की संस्थेने बराच खर्च करून एक ट्रेनिंग लाइन घेतली होती. छोटा कन्व्हेयर, त्याला थ्री फेज मोटर, मोटरला व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह), तीन सेन्सर, एक न्यूमॅटिक पुशर (हवेच्या दाबाने पार्ट ढकलणारा), पीएलसी (प्रोग्रॅमप्रमाणे लाइन चालवणारा कंट्रोलर) आणि वर टचस्क्रीन. दिसायला झकास, पाहुणे आले की फोटो तिथेच निघणार. शिवाय टाइमटेबलात ‘डिजिटल स्किल्स’ नावाचा वेगळा तास. तो कॉम्प्युटर लॅबमध्ये, त्याचे सर वेगळे, तिथे टायपिंग, स्प्रेडशीट, प्रेझेंटेशन आणि ऑनलाइन कोर्सची सर्टिफिकेटं. प्रत्येक पोराकडे चार-पाच तरी सर्टिफिकेटं होतीच, म्हणजे कागदावर बघाल तर सगळे डिजिटल युगासाठी तय्यार.

मग एका कंपनीचे लोक अप्रेंटिस निवडायला आले, एक मेंटेनन्स इंजिनीअर आणि एक शिफ्ट सुपरवायझर. सर्टिफिकेटांची फाइल त्यांनी बघितली, नाही असं नाही, पण दोन मिनिटांत मिटली आणि म्हणाले, ती लाइन अर्धा तास आमच्या ताब्यात द्या. आत काय केलं ते कुणाला सांगितलं नाही. मग दोघा-दोघांच्या जोड्या करून आत बोलवायला लागले. काम एवढंच: लाइन मॅन्युअलला चालते, ऑटोला टाकली की थोडा वेळ चालून थांबते, स्क्रीनवर ‘पार्ट नॉट डिटेक्टेड’ असा अलार्म येतो, कारण शोधा आणि पुढच्या शिफ्टसाठी चार ओळी लिहून ठेवा. हाताशी ड्रॉइंग, मल्टीमीटर, प्रोग्रॅम असलेला लॅपटॉप, मॅन्युअल सगळं होतं. मोबाइलही वापरा म्हणाले.

फॉल्ट काय टाकला होता ते आधीच सांगतो, म्हणजे पुढची गंमत कळेल. एंट्रीचा सेन्सर काढून तिथे हुबेहूब तसाच दिसणारा दुसरा लावला होता, फक्त मूळचा पीएनपी होता आणि हा एनपीएन. पीएनपी सेन्सर पार्ट दिसला की आपल्या आउटपुटवर चोवीस व्होल्ट देतो, एनपीएन उलटं करतो, आउटपुट शून्याकडे ओढतो. या लाइनचं इनपुट कार्ड, म्हणजे पीएलसीचा सेन्सरच्या तारा जिथे येतात तो भाग, चोवीस व्होल्टची वाट बघणारं. म्हणजे पार्ट समोर आला की नव्या सेन्सरच्या डोक्यावरचा लाइट व्यवस्थित लागणार, सेन्सरला पार्ट दिसतोय, पण पीएलसीला काहीच कळणार नाही. प्रोग्रॅम ठरलेला वेळ वाट बघणार आणि लाइन थांबवणार. मॅन्युअलमध्ये तो सेन्सर विचारातच घेतलेला नाही म्हणून तिथे सगळं सुरळीत. प्रोग्रॅममध्ये काहीही बिघाड नव्हता, वायरिंग तुटलेलं नव्हतं, सेन्सरही खराब नव्हता.

आता पोरांनी काय केलं. जवळपास सगळ्या जोड्यांनी आधी सेन्सरसमोर हात धरला, लाइट लागला, ‘सेन्सर ओके’ म्हणाले आणि थेट लॅपटॉपकडे वळले. इनपुट कार्डवर प्रत्येक इनपुटचा स्वतःचा बारीक एलईडी असतो, पॅनलचं दार उघडलं की समोरच, तो लागतोय का ते बघायला पाच सेकंद लागतात. बहुतेकांनी बघितलंच नाही. लॅपटॉपवर त्या इनपुटची बिट (सिग्नल आला तर एक, नाही तर शून्य) शून्य दिसतेय म्हणजे प्रोग्रॅममध्येच लोचा आहे असं धरून चालले. एका जोडीने टायमर वाढवला, लाइन जास्त वेळ चालली आणि मग थांबली. दुसऱ्या जोडीने इनपुट सरळ फोर्स करून एक केलं, म्हणजे सिग्नल नसताना तो आहे असं लॅपटॉपवरून पीएलसीला जबरदस्तीने मानायला लावलं, अलार्म गेला, लाइन चालू, ‘झालं सर’. पुशर रिकामाच आत-बाहेर करत होता त्याकडे कुणाचं लक्षच नाही. सुपरवायझर काही बोलला नाही, फक्त इमर्जन्सी स्टॉप दाबला.

सगळ्यात महागात पडलेला प्रकार तिसऱ्या जोडीचा. त्यांना मशीनमधला प्रोग्रॅम बघायचा होता म्हणून त्यांनी ‘डाउनलोड’ दाबलं. फोनवर डाउनलोड केलं की वस्तू आपल्याकडे येते, पण बहुतेक पीएलसी सॉफ्टवेअरमध्ये ते बटण लॅपटॉपमधला प्रोग्रॅम मशीनमध्ये ढकलतं. स्क्रीनवर वॉर्निंगचा बॉक्स आला होता, दोनदा आला, आणि फोनवर जसं प्रत्येक बॉक्सला ‘येस’ करतात तसं यांनीही केलं. लॅपटॉपमधला प्रोग्रॅम जुना होता. मधल्या काळात कुणीतरी मशीनवरच पुशरचं टायमिंग सुधारलं होतं आणि ते लॅपटॉपमध्ये सेव्ह करायचं राहून गेलं होतं. झालं, चांगलं टायमिंग उडालं आणि आता लाइनमध्ये कंपनीवाल्यांनी न टाकलेला दुसरा फॉल्टही आला. ट्रेनिंग लाइन होती म्हणून ठीक, खऱ्या कारखान्यात तीच शिफ्ट बसली असती.

चॅटबॉटला विचारणारेही होतेच. २०२२च्या नोव्हेंबरमध्ये चॅटजीपीटी आल्यापासून पोरांचा पहिला हात तिकडेच जातो, त्यात मला तत्त्वतः काही वावगं वाटत नाही. एकाने अलार्मचा मजकूर टाकून विचारलं, उत्तर आलं की सेन्सरची अलाइनमेंट बघा, लेन्स पुसा, केबल तपासा, टायमर तपासा. उत्तर चुकीचं नव्हतं, कुठल्याही कन्व्हेयरला लागू पडेल असं होतं. पण सेन्सरच्या बॉडीवर छापलेला मॉडेल नंबर त्याने चॅटबॉटला दिलाच नव्हता कारण तो त्याने वाचलाच नव्हता. आणखी एकाने व्हीएफडीच्या डिस्प्लेवरचा एक कोड विचारला, त्याला दुसऱ्याच मेकच्या ड्राइव्हचा अर्थ मिळाला. तोच कोड दोन कंपन्यांच्या ड्राइव्हमध्ये वेगवेगळ्या गोष्टी सांगू शकतो हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मॅन्युअल शेजारच्या टेबलावर पडून होतं.

एका जोडीने फॉल्ट पकडला. वेळ संपता संपता पकडला, पण पद्धतशीर. कार्डचा एलईडी लागत नाही हे बघितलं, मीटर लावून टर्मिनलवर (तार जोडायच्या जागी) पार्ट असो नसो व्होल्टेज शून्याच्या आसपासच राहतंय हे बघितलं, मग सेन्सरचा नंबर ड्रॉइंगमधल्या नंबरशी ताडून बघितला. एकदम बरोबर. आणि शिफ्टसाठी नोट लिहिली: ‘सेन्सर बदलला. ओके.’ सुपरवायझरने ती वाचून त्यांनाच विचारलं की रात्री दोन वाजता हीच लाइन परत थांबली आणि तुम्ही झोपलेले असलात तर या ओळीवरून मी काय समजायचं, कुठला सेन्सर, कुठला नंबर काढला, कुठला लावला, चुकीचा सेन्सर स्टोअरमधून आला का, तसे आणखी तिथे पडलेत का? पोरं गप्प. तीन शब्दांच्या वर लिहायची वेळच त्यांच्यावर कधी आली नव्हती.

या नोटवर थोडं थांबतो, कारण बाहेरच्यांना हा मुद्दा किरकोळ वाटतो. आज बऱ्याच कारखान्यांत ब्रेकडाउनची नोंद वहीत नाही, टॅबवर मेंटेनन्सच्या सॉफ्टवेअरमध्ये होते. दोन बिघाडांमध्ये सरासरी किती वेळ गेला, दुरुस्तीला सरासरी किती लागला, कुठला स्पेअर किती ठेवायचा, हे सगळं त्याच नोंदींमधून निघतं. मशीनमधून येणारा डेटा आपोआप येतो, पण कारण काय होतं ते माणसालाच लिहावं लागतं. तिथे सगळ्यांनी ‘चेक केलं, ओके’ लिहिलं तर वर बसलेला अॅनालिस्ट कितीही हुशार असला तरी त्याच्या हाती कचराच. म्हणजे डिजिटल कारखान्यातला सगळ्यात महत्त्वाचा डेटा एंट्री ऑपरेटर हा पाना हातात असलेला माणूस आहे, आणि त्याला आपण तयार करताना टायपिंगचा स्पीड मोजत बसलो.

कंपनीने त्या दिवशी घेतली ती मोजकीच पोरं. स्टाफ मीटिंगमध्ये पहिली प्रतिक्रिया जी यायची तीच आली, की पोरं डिजिटलमध्ये कमी पडतात, डिजिटलचे तास वाढवा. मला हे निदान साफ चुकीचं वाटलं आणि अजूनही वाटतं. पोरं लॅपटॉपला घाबरत नव्हती, उलट गरजेपेक्षा लवकर लॅपटॉपकडे पळत होती. कमी कुठे पडली तर सेन्सर, तार, टर्मिनल, कार्ड, बिट, लॉजिक, आउटपुट ही एकच सलग साखळी आहे हे त्यांच्या डोक्यात नव्हतं. आणि असणार कसं? अर्धी साखळी एका बिल्डिंगमध्ये शिकवली जात होती, अर्धी दुसऱ्या. वर्कशॉपचे सर तारेपर्यंत यायचे, प्रोग्रॅम म्हटलं की ‘ते लॅबमध्ये’. लॅबचे सर पॅनलला हात लावायचे नाहीत. मधला तो टर्मिनल ब्लॉक कुणाच्याच सिलॅबसमध्ये नव्हता आणि फॉल्ट नेमका तिथेच दिसत होता.

खरं तर ही फूट ट्रेडच्या इतिहासालाही धरून नाही. पीएलसी आला तो १९६८-६९च्या सुमारास, जनरल मोटर्सला रिलेंची (विजेने चालणाऱ्या स्विचांची) भली मोठी पॅनलं दर मॉडेलला नव्याने वायर करण्याचा वैताग आला होता म्हणून, आणि मॉडिकॉनचा ०८४ हा त्यातला सुरुवातीचा कंट्रोलर. त्याची प्रोग्रॅम लिहायची लॅडर भाषा मुद्दाम रिलेच्या ड्रॉइंगसारखी दिसणारी ठेवली गेली, कशासाठी, तर कारखान्यातल्या इलेक्ट्रिशियनला ती वाचता यावी. म्हणजे ज्यांनी हे बनवलं त्यांच्या डोळ्यासमोर तारा जोडणारा आणि प्रोग्रॅम वाचणारा माणूस एकच होता. पन्नास वर्षांनंतर आपण त्याचे दोन तुकडे करून दोन खोल्यांत बसवलेत.

मग काय बदललं ते सांगतो. डिजिटलचा वेगळा तास बंद केला म्हणण्यापेक्षा तो उचलून वर्कशॉपमध्ये आणला आणि लॅबचे सर आणि वर्कशॉपचे सर एकाच वेळी त्या तासाला उभे केले. हे लिहायला सोपं आहे, करायला नाही. दोघांचा वर्कलोड कसा मोजायचा यावर ऑफिसमध्ये बराच काथ्याकूट झाला, लॅबच्या सरांना वाटलं आपला विषय गेला, आणि वर्कशॉपवाल्यांपैकी काहींना पोरांसमोर लॅपटॉप उघडायची धास्ती होती, हे कुणी बोलत नाही पण असतं. त्यासाठी पोरं नसताना सरांनी सरांना शिकवायचं ठरलं. थोडंफार झालं. सगळ्यांनी मनापासून केलं असं म्हणणार नाही.

स्प्रेडशीट तीच राहिली पण आतला माल बदलला. आधी काल्पनिक मार्कशीट आणि पगारपत्रक बनवायचे, आता लाइनची आयओ लिस्ट (इनपुट-आउटपुटची यादी) बनवतात, कुठल्या टर्मिनलला कुठली तार, पीएलसीतला कुठला पत्ता, कुठल्या मॉडेलचा सेन्सर. व्हीएफडीच्या डिस्प्लेवर मोटरचा करंट दिसतो, तो वेगवेगळ्या लोडला नोंदवून ग्राफ काढतात. मग सर कन्व्हेयरचा पट्टा मुद्दाम जास्त ताणतात आणि परत नोंदवायला लावतात. ग्राफ वर सरकलेला बघून पोरं स्वतःच म्हणतात की म्हणजे मोटर तापायच्या आधीच आपल्याला कळलं असतं. प्रेडिक्टिव्ह मेंटेनन्स वगैरे जड शब्द तोपर्यंत उच्चारायची गरजच पडत नाही.

बॅकअपचं तर व्रतच घातलंय. कुठल्याही मशीनला लॅपटॉप जोडला की पहिलं काम मशीनमधला प्रोग्रॅम लॅपटॉपमध्ये घ्यायचा, तारीख आणि नाव घालून सेव्ह करायचा, आधीच्या कॉपीशी ताडून बघायचा, मगच पुढे. ‘फायनल’, ‘फायनल न्यू’, ‘फायनल लास्ट’ अशा नावांच्या फाइलींवर तासाला हशा होतो पण फाइलला नाव देणं ही किती मोठी गोष्ट आहे हे त्याच हशातून डोक्यात जातं. आणि कुणाचाही पेनड्राइव्ह लाइनच्या लॅपटॉपला लावायचा नाही. याला कारण विचारलं की २०१०मध्ये उघडकीला आलेल्या स्टक्सनेट नावाच्या घातक प्रोग्रॅमची गोष्ट सांगतो, तो पेनड्राइव्हमधूनही पसरायचा आणि सीमेन्सच्या पीएलसीपर्यंत पोचून मशीन बिघडवत असताना ऑपरेटरला सगळं नॉर्मल दाखवायचा. सायबर सिक्युरिटीच्या अख्ख्या चॅप्टरपेक्षा ही एक गोष्ट जास्त टिकते.

पण खरा फरक पडला तो फॉल्टच्या दिवसाने. आठवड्यातून एकदा एक जोडी लाइनमध्ये फॉल्ट टाकते, सरांना दाखवून, सप्लाय बंद करून लॉक लावून, आणि काय केलं ते लिहून पाकीट बंद करते. दुसरी जोडी शोधते. लॅपटॉप उघडायच्या आधी तीन पुरावे सांगायचे: सेन्सरवर काय दिसलं, कार्डवर काय दिसलं, मीटरने काय दाखवलं. चॅटबॉट चालतो, पण मॉडेल नंबरसकट विचारायचं आणि तो जे सांगेल ते मॅन्युअलच्या कुठल्या पानावर आहे ते दाखवायचं, पान सापडलं नाही तर ते उत्तर धरायचं नाही. तार काढायच्या आधी पॅनलचा फोटो. फोर्स केलेलं इनपुट तसंच ठेवून गेलात तर फॉल्ट सापडला असला तरी शून्य. शेवटी नोट, काय दिसलं, काय तपासलं, काय बदललं, काय बाकी आहे, आणि ती नोट त्या वेळी खोलीत नसलेल्या तिसऱ्या जोडीला देऊन तिने सांगायचं की यावरून काय समजलं. लाजेकाजेने का होईना नोटा सुधारल्या.

एक गोष्ट मला आधी सुचली नव्हती, पोरांनीच शिकवली. फॉल्ट टाकणारी जोडी शोधणाऱ्यांपेक्षा जास्त शिकते. चांगला फॉल्ट टाकायचा तर साखळी पाठ असावी लागते, नाहीतर फ्यूज काढून ठेवण्यापलीकडे अक्कल चालत नाही, पहिले काही आठवडे सगळे फ्यूजच काढत होते. नंतर एका जोडीने दोन सेन्सरच्या तारा आपापसात बदलल्या, प्रत्येक सेन्सर वेगळा तपासला तर बरोबर, एकत्र चालवलं की चूक. त्या दिवशी सरही पाऊण तास अडकले.

लिहिण्याची भीती मात्र फार होती. भाषा कुठलीही चालेल, स्पेलिंगला मार्क नाहीत असं जाहीर केल्यावर जरा बांध फुटला. दोघं-तिघं फोनवर बोलून टाइप करतात आणि मग दुरुस्त करतात, मी हरकत घेतली नाही, कारखान्यातही उद्या तेच करतील.

नोकरीच्या अर्जाची बाजू थोडक्यात. बायोडेटात सगळ्यांचं ‘एमएस ऑफिस, इंटरनेट, चांगलं संभाषण कौशल्य’ असायचं, एकाच साच्यातून काढल्यासारखं. आता प्रत्येकाने आपल्या दोन फॉल्टचे रिपोर्ट पीडीएफ करून अर्जाला जोडायचे, फोटो, आयओ लिस्टचा तुकडा, नोट. कंपनीतल्या मशीनचे फोटो विचारल्याशिवाय कुठेही टाकायचे नाहीत हेही त्यातच शिकवलं. ईमेलला धड विषय लिहिणं, स्वतःच्या नावाचा साधा आयडी असणं यावर एक तास पुरतो, त्यावर सत्र घालवू नये.

दुसरीकडेही लोक याच दिशेने गेलेत. जर्मनीत १ ऑगस्ट २०१८पासून मेटल, इलेक्ट्रिकल आणि मेकॅट्रॉनिक्सच्या अप्रेंटिसशिपच्या नियमांत डिजिटायझेशन, डेटा प्रोटेक्शन आणि माहितीची सुरक्षा हा भाग प्रशिक्षणाच्या आतच घातला, आणि आयटी सिक्युरिटी, प्रोग्रॅमिंग, डिजिटल नेटवर्किंग यांसारख्या जादा पात्रता ऐच्छिक ठेवल्या. २०२१पासून नव्या किंवा सुधारलेल्या प्रत्येक ट्रेडला ‘डिजिटल कामाचं जग’ हा किमान भाग लागू आहे, मग तुम्ही मशीनवाले असा की आणखी कुणी. तिथे कंपनीतच बरंचसं शिक्षण होतं म्हणून त्यांची घडी आपल्याला जशीच्या तशी बसणार नाही. घेण्यासारखं एवढंच की सगळ्यांना लागणारी गोष्ट ट्रेडच्या आत ठेवली, जादाची बाहेर.

सगळं जमलं असं नाही. लाइन एकच आणि पोरं भरपूर. ओपनपीएलसीसारखं फुकट सॉफ्टवेअर वापरून थोडी भूक भागते, लॉजिकचा सराव होतो, पण सिम्युलेटरमध्ये स्क्रू ढिला नसतो आणि चुकीचा सेन्सरही नसतो. ज्यांच्याकडे घरी लॅपटॉप नाही ती पोरं मागेच राहतात, त्यांच्यासाठी वर्कशॉप संध्याकाळी उघडं ठेवायचं ठरलं, ते कधी उघडं असतं कधी चावी सापडत नाही. आणि एकाच मेकच्या पीएलसीवर शिकलेलं पोरगं दुसरा मेक बघून बावरतं, त्यावर अजून तरी दोन मेकची मॅन्युअलं शेजारी ठेवून तीच साखळी वाचायला लावणं एवढाच उपाय चाललाय.

पुढच्या बॅचला तीच कंपनी परत आली, फॉल्ट वेगळा होता. या वेळी कार्डचे एलईडी सगळ्यांनी बघितले. सगळ्यांना फॉल्ट सापडला नाही, तरी ज्यांना नाही सापडला त्यातल्या काहींनी नोटेत लिहिलं की इथपर्यंत तपासलंय, हे हे बरोबर आहे, पुढे अमुक बघायचं राहिलंय. अशा एका जोडीला सुपरवायझरने घेतलं. आमच्या काही सरांना ते पटलं नाही, उत्तरच आलं नाही तर निवड कशी, पण मला वाटतं त्याने बरोबर केलं, अर्धवट काम नीट लिहून ठेवणारा माणूस शिफ्टला परवडतो.

आता अडलंय ते परीक्षेपाशी. बोर्डाची फायनल प्रॅक्टिकल अजूनही कोऱ्या बोर्डवर वायरिंग करा, दिलेल्या वर्णनावरून छोटा प्रोग्रॅम लिहा आणि चालवून दाखवा अशीच आहे. त्यात फॉल्ट शोधण्याला मार्क नाहीत, नोटेला नाहीत, बॅकअपला तर नाहीतच, आणि परीक्षा जवळ आली की पोरं आणि सर दोघंही फॉल्टचा दिवस गुंडाळून प्रोग्रॅम पाठ करायला लागतात. या वर्षी टर्म वर्कच्या मार्कांतला जेवढा हिस्सा संस्थेच्या हातात आहे तो फॉल्टच्या रिपोर्टना द्यायचा असा प्रस्ताव विभागाने दिलाय, प्राचार्यांनी अजून सही केलेली नाही.